लिफ्ट मिळते, बसवणारा मिळत नाही

निफाड तालुक्यात यंत्रे जोडणाऱ्या हातांची वाण नाही. द्राक्षबागांसाठी ट्रॅक्टरमागे जोडायच्या फवारणी ब्लोअरपासून ट्रॉलीच्या सांगाड्यापर्यंत सारे काही पिंपळगाव, ओझर, लासलगाव परिसरातील वर्कशॉपमध्ये दुरुस्त होते, वेळप्रसंगी नव्याने घडवलेही जाते. परंतु याच तालुक्यातील एखाद्या कुटुंबाने जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, तीत झोपण्याची व स्वयंपाकाची सोय केली आणि व्हीलचेअरवरील आजीला त्याच गाडीतून पंढरपूर-कोल्हापूर घडवायचे ठरवले, तर गाडी अडते ती दारातच. व्हीलचेअर उचलून आत घेणारी नवी लिफ्ट परवडत नाही. वापरलेली लिफ्ट खटपट केल्यास मिळते. ती बसवून देतो म्हणणारा मात्र सापडत नाही.

हे काम वेल्डिंगच्या चार टाक्यांचे नाही. माणूस आणि खुर्ची यांचा भार गाडीबाहेर लोंबकळत असताना लिफ्टचे बोल्ट पत्र्यात नव्हे, तर खालच्या आडव्या कैच्यांत वा चासीत रोवलेले असावे लागतात. मोठ्या बसमधून काढलेली लिफ्ट २४ व्होल्टची असते, तर ट्रॅव्हलरसारख्या गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. हायड्रॉलिक सील वाळलेले असतील, तर पहिल्याच उन्हाळ्यात तेल गळू लागते. हँडब्रेक ओढल्याखेरीज लिफ्ट हलू नये, अशी जोडणी करावी लागते. त्यातच मागच्या बाजूला पाण्याची टाकीही असेल, तर मागील आसावर वजन किती येते हे आधी मोजलेलेच बरे. जुन्या मालासोबत माहितीपुस्तिका क्वचितच येते आणि किती वजन पेलेल हे सांगणारी पट्टी अनेकदा खरवडून गेलेली असते. उद्या खुर्ची घसरली तर जबाबदार कोण, या प्रश्नाला घाबरून कारागीर नकार देतो. त्याला दोष देता येणार नाही.

दुसरी भीती कायद्याची. वाहनाच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आणि गॅरेजवाल्यांच्या मनात तेवढाच घर करून बसला. बेकायदा फेरबदलाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आणल्या. पण त्याच दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अपंगांसाठी वेगळी वाटही ठेवली, हे फारसे कोणी सांगत नाही. आपले वाहन अपंग व्यक्तीसाठी अनुकूल करून घेऊन त्यानंतर नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता मिळवता येते. केंद्राने घातलेल्या अटी तेवढ्या पाळल्या पाहिजेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये अशा रूपांतरासाठी तात्पुरत्या नोंदणीचा मसुदाही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने काढला होता. म्हणजे दार उघडे आहे, पण पाटी लावायची राहून गेली आहे.

दारातही एक उंबरठा आहेच. असे वाहन केवळ अपंग व्यक्तीने वा तिच्यासाठीच वापरलेले असावे, अशी कायद्याची व्याख्या आहे. आजीबरोबर नातवंडेही निघालेल्या घरगुती गाडीला ही व्याख्या लावताना अधिकाऱ्याने थोडा उदारपणा दाखवला तर प्रश्न नाही. भाड्याने द्यायच्या कॅराव्हॅनचे काय? महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. भाड्याची गाडी मात्र आज व्हीलचेअरवरील प्रवाशाला, तर उद्या धडधाकट कुटुंबाला जाणार, म्हणून ती 'केवळ' या एका शब्दात अडकते. अपंगांना पर्यटन खुले करायचे आणि लिफ्ट असलेली गाडी व्यवसायासाठी परवडू द्यायची, तर हा शब्द सैल करावाच लागेल.

राज्यात २०११ च्या जनगणनेनुसार २९ लाख ६३ हजार अपंग होते. त्यांच्यापैकी ज्यांना वाहन हवे, त्यांच्यासाठी तालुक्याच्या गॅरेजने आत्मसात केलेली गोष्ट बहुतेक ठिकाणी एकच : स्कूटरला मागे लावायची बाजूची दोन चाके. मारुती सुझुकीने डिसेंबर २०२५ मध्ये वॅगन आरसाठी बाहेर वळणारे आसन आणले, हे स्वागतार्हच. पण ते निवडक शहरांत आणि एका नव्या मोटारीपुरते. जुनी लिफ्ट तपासून तिची क्षमता लिहून देणारा कोणी जवळपास असता, तर पिंपळगावच्या कारागिराचा नकार बराच मवाळ झाला असता. वाहनांची तपासणी करणाऱ्या 'एआरएआय' आणि 'सीआयआरटी' या दोन्ही संस्था पुण्यात आहेत. एका लिफ्टसाठी निफाडहून दोनशेहून अधिक किलोमीटर कोण जाणार?

हेच काम नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत होऊ शकते. तिथे हायड्रॉलिक, विद्युत जोडणी आणि मोटारीचे सुटे भाग जाणणारी माणसे आहेत, जवळच अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. प्रादेशिक परिवहन कार्यालयाने एका कागदावर एवढेच लिहून लावावे : कोणता बदल चालेल, कोणती कागदपत्रे लागतील, तपासणी कोण करील. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते आणि घाटांवर कोट्यवधींची कामे हाती घेण्यात आली. त्या हिशेबात या कागदाला लागणारी शाई कुणाच्या नजरेत भरण्याजोगी नव्हती.