फी वाढली तरी बाटली उभीच



चातुर्मास सुरू आहे. प्रवचन संपल्यावर मंदिराच्या ओट्यावर आपल्या गप्पा रंगतात, त्यात यंदा उपवास आणि पारणं यांच्या जोडीला एक वेगळाच विषय आलाय : दारूच्या दुकानांची फी. कुणी म्हणतं, नगरपरिषदेला निवेदन देऊ या, फी दुप्पट करा म्हणू या, आपोआप दुकानं बंद पडतील. कुणी म्हणतं, फी वाढली की सरकारकडे पैसा येईल, रस्ते तरी होतील. मला दोन्ही बाजूंचं ऐकून वाटलं की या फीकडून आपण भलतीच आशा लावून बसलो आहोत. म्हणून आज स्वयंपाकघर सोडून जरा या विषयावर लिहिते.

पहिली गोष्ट, आपल्या राज्यात ही फी नगरपरिषद ठरवतच नाही. ती ठरवतं राज्य सरकारचं उत्पादन शुल्क खातं, आणि गावाची लोकसंख्या पाहून ठरवतं. म्हणजे पुण्या-मुंबईच्या परमिट रूमला जास्त, आपल्या धाराशिवला कमी. पैसाही राज्याच्या तिजोरीत जातो. तेव्हा नगरपरिषदेच्या दारात जाऊन फी वाढवा म्हणणं म्हणजे किराणा दुकानात जाऊन वीजबिल कमी करा म्हणण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट, फी आधीच वाढली आहे. 14 जुलै 2025 ला राज्यातल्या बार आणि परमिट रूमवाल्यांनी एक दिवस बंद पाळला, तो त्यासाठीच. त्यांच्या संघटनेचं नाव 'आहार'. आपल्याकडे आहार म्हटलं की मुनिमहाराजांचा आहार आठवतो, म्हणून पेपरात वाचताना मला जरा हसू आलं. त्यांचं म्हणणं असं, की परवाना फी 15 टक्क्यांनी वाढली, परमिट रूमवरचा व्हॅट 5 चा 10 टक्के झाला, आणि त्यात उत्पादन शुल्काचा बोजा पडला. शुल्काचा निर्णय मंत्रिमंडळाने 10 जून 2025 ला घेतला. विदेशी दारूवरचं शुल्क निर्मितीमूल्याच्या 3 पट होतं ते 4.5 पट झालं. देशी दारूचं प्रूफ लिटरला 180 रुपये होतं ते 205 झालं. यातून वर्षाला 14,000 कोटी रुपये जास्तीचे मिळतील, असं सरकारने सांगितलं.

आता आपण बायका हिशोबात कच्च्या नाही. फीचा हिशोब मांडून बघा. समजा एका दुकानाची वर्षाची फी 1 लाख रुपये आहे. त्याने वर्षात 10,000 बाटल्या विकल्या, तर बाटलीमागे 10 रुपये फी पडली. 20,000 विकल्या तर 5 रुपयेच पडली. फी ठरलेली असते, विक्री ठरलेली नसते. मग फी वाढली की दुकानदार काय करेल? दुकान बंद करेल की दोन बाटल्या जास्त खपवेल? आपल्या घरचे पुरुष दुकानदारी करतात. गाळ्याचं भाडं वाढलं की ते शटर पाडत नाहीत, गिऱ्हाईक वाढवतात. तिथेही तेच होणार.

शुल्काचं थोडं वेगळं आहे. ते बाटलीवर असतं, म्हणून पिणाऱ्याच्या खिशातून जातं. दारू महाग झाली की नवी पोरं तिच्याकडे वळायला बिचकतात, हे खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनाही दारूवरचा कर वाढवा असंच सांगते. म्हणून शुल्क वाढलं याचं मला वाईट वाटत नाही. पण ज्याला सवय लागून गेली आहे, त्याच्या घरात काय होतं ते बघा.

आता देशी दारूच्या 180 मिलीच्या बाटलीची किंमत कमीत कमी 80 रुपये झाली आहे. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींचा नवरा रोज एक घेतो. मावशी म्हणाल्या, "ताई, महाग झाली म्हणून त्यानं पिणं नाही सोडलं, माझ्याकडून जास्त मागायला लागला." मावशींना लाडक्या बहिणीचे महिन्याला 1,500 रुपये मिळतात. 80 रुपयांची बाटली 19 दिवस घेतली की झाले 1,520. म्हणजे एकोणिसाव्या दिवशी ते पैसे संपले, वर 20 रुपये त्यांच्या मजुरीतले गेले. बहिणीच्या खात्यात आलेले पैसे भावजींच्या बाटलीतून निघून गेले, आणि त्यातला शुल्काचा वाटा पुन्हा तिजोरीत जाऊन बसला. मावशींच्या पदरात मधल्या मध्ये मार तेवढा आला.

यात सरकारला शिव्या देऊन मी मोकळी होणार नाही. पण एक सांगा, ज्या घराचा किराणा भाडेकरूच्या भाड्यावर चालतो, ते घर त्या भाडेकरूला 'खोली सोड' असं कधी म्हणतं का? 14,000 कोटी ज्याच्याकडून यायचे आहेत, त्याला सरकार जा कसं म्हणेल? गंमत म्हणजे ज्या कायद्याखाली हे सगळे परवाने दिले जातात, त्याचं नाव दारूबंदी कायदा, 1949 चा. कागदोपत्री आजही पिणाऱ्याला परवाना लागतो, एका दिवसाचा देशीला 2 रुपये, विदेशीला 5 रुपये. नाव बंदीचं, काम परवान्याचं!

चंद्रपूरच्या बायकांचं उदाहरण आठवतं. 2010 च्या डिसेंबरात त्या चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत चालत गेल्या. 2015 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. 2021 मध्ये ती उठली. अवैध दारू वाढली, महसूल बुडाला, अशी कारणं दिली गेली. अवैध दारूचा प्रश्न खोटा नव्हता, हे मान्य. पण वरून आलेली बंदी वरूनच जाते, हेही त्यातून दिसलं.

मग आपल्या हातात काय आहे? आधी आपल्या धर्माच्या बाजूने बघू या, मग कायद्याच्या.

मद्यत्याग हा श्रावकाच्या मूलगुणांतला. लहानपणी पाठशाळेत सात व्यसनं पाठ केली, तेव्हापासून आपल्याला हे ठाऊक आहे. आपल्या आचार्यांनी मद्याचा दोष सांगताना नुसती शरीराची हानी सांगितली नाही. शुद्ध हरपलेला माणूस धर्म विसरतो आणि मग हिंसा करताना त्याला काहीच वाटत नाही, हा त्यांचा मुद्दा आहे. मावशींचा सुजलेला हात बघितला की तो मुद्दा समजायला पोथी लागत नाही.

पण पाप तीन वाटांनी लागतं, हेही आपण रोजच्या आलोचनेत म्हणतो : कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा कुणी केलं त्याला मनातून होकार दिला. आपण पीत नाही, म्हणजे पहिली वाट बंद आहे. उरलेल्या दोन?

दुसऱ्या वाटेचं उदाहरण आमच्याच घरातलं देते. बाजारात आमचा एक गाळा आहे. दोन वर्षांपूर्वी तो रिकामा झाला, तेव्हा बिअर शॉपीसाठी विचारणा आली. भाडं आधीच्या अडीचपट, वर्षाचं आगाऊ. घराच्या कर्जाचा हप्ता चालू होता, मुलाच्या कॉलेजची फी भरायची होती. घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. यांचं म्हणणं, "आपण थोडंच विकतोय? आपण जागा देतोय." सासूबाई एवढंच म्हणाल्या, "त्या भाड्यातून आणलेल्या तांदळाचा अर्घ्य मी कसा चढवू?" गाळा सात महिने रिकामा राहिला. त्या सात महिन्यांत हप्त्यासाठी माझ्या पाटल्या गहाण होत्या, ते मी विसरले नाही. नंतर वह्या-पुस्तकांचं दुकान आलं, पूर्वीच्याच भाड्याने.

हे सांगते ते आमचं कौतुक व्हावं म्हणून नाही. आपला समाज व्यापारी आहे. मोक्याच्या रस्त्यावर आपले गाळे आहेत, प्लॉट आहेत, कुणाची हॉटेलं आहेत. वाइन शॉप आणि देशी दारूच्या दुकानांचे नवे परवाने राज्यात गेली जवळजवळ 50 वर्षं दिले गेले नाहीत. म्हणून जुना परवाना जागा बदलत फिरतो, आणि त्याला जागा लागते. ती जागा कुणाची, हा प्रश्न आपल्या घरात विचारायला हवा. आणि विचारायचा तर घरातल्या बाईने विचारायला हवा, कारण भाडेकरारावर सही पुरुषांची असली तरी त्या पैशाचं धान्य आपणच निवडतो.

आता तिसरी वाट, अनुमोदनेची. इथे कायदा आपल्याला थेट विचारतो.

2008 च्या शासन आदेशाप्रमाणे, गावातलं किंवा शहरातल्या वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी तिथल्या महिला मतदार मागणी करू शकतात. 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. उभीला मत म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवीला मत म्हणजे बंद करा. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं, तर दुकान बंद.

यातला 'एकूण' हा शब्द नीट वाचा. मतदानाला आलेल्या बायकांतल्या निम्म्या नाही, यादीतल्या एकूण बायकांतल्या निम्म्याहून जास्त. वॉर्डात 2,000 महिला मतदार असतील तर सह्या 500 लागतील आणि आडव्या बाटलीला मतं 1,001. जी बाई आली नाही, ती कुठल्याच बाजूला नाही असं तिला वाटतं. पण मोजताना ती उभ्या बाटलीच्या बाजूलाच मोजली जाते.

आणि कोण येत नाही? मावशींसारख्या बायका येतात. मजुरी बुडवून येतात, नवऱ्याचा मार खाण्याची तयारी ठेवून येतात. येत नाहीत त्या आपल्यासारख्या. "आमच्या घरात कुणी पीत नाही, आम्हाला काय करायचंय?" "यांचं दुकान त्याच रस्त्यावर आहे, उगाच वैर कशाला?" हे मी दुसऱ्या कुणाचं सांगत नाही, आपल्याच ओट्यावर ऐकलेलं सांगते. वैराची भीती खोटी नाही. सही उघड असते, ती दिसते. पण मत गुप्त असतं. ज्या बहिणीला सही करणं खरोखर अवघड आहे, तिने निदान मताला तरी जावं.

एक शंका मला नेहमी विचारतात. एका वॉर्डातलं दुकान बंद झालं की ते दुसऱ्या वॉर्डात जाईल, नाही तर हातभट्टी वाढेल, मग उपयोग काय? दोन्ही होऊ शकतं. म्हणूनच शेजारच्या वॉर्डातल्या बायकांना आधी सांगून ठेवायचं, आणि आपल्यातल्या कुणाचा गाळा त्या दुकानाला मिळणार नाही हे बघायचं. हातभट्टीसाठी गावात ग्रामरक्षक दल नेमण्याची तरतूद 2016 मध्ये कायद्यात आली आहे. पण गल्लीच्या तोंडाशी उघडं दुकान असणं आणि लपून कुठेतरी मिळणं यात फरक आहे. मावशींचा मुलगा 14 वर्षांचा आहे. शाळेतून येताना तो रोज त्या दुकानावरून येतो. त्याच्यासाठी तो फरक फार मोठा आहे.

आपल्या जिल्ह्यात कुंथलगिरी आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 मध्ये तिथे सल्लेखना घेतली. तिथे आपण जातो, डोंगर चढतो, येताना खव्याचे पेढे आणतो. ज्या भूमीवर एका साधूने अन्नसुद्धा सोडलं, त्या भूमीवर आपल्याला एक सही जड व्हावी, हे मला पटत नाही.

दशलक्षण पर्व जवळ आलं आहे. कुणी एकाशन करेल, कुणी हिरवी भाजी सोडेल, कुणी टीव्ही. त्या नियमांच्या जोडीला यंदा आणखी तीन गोष्टी करू या. मतदार यादीत आपलं आणि सुनेचं नाव कोणत्या वॉर्डात आहे ते बघून ठेवू या. घरचा गाळा, प्लॉट, हॉटेल कुणाला दिलंय ते घरात विचारू या. आणि वॉर्डात सह्यांचा कागद फिरला तर तो पुढच्या दाराकडे न ढकलता आपल्या दारात थांबवू या. कागद कुणीच काढला नाही, तर काढू या आपणच. मावशींना विचारा, पहिली सही त्या करतील.

फी वाढो की कमी होवो, ते ठरवणारे मुंबईत बसले आहेत. बाटली आडवी करायची की नाही, ते मात्र आपल्या वॉर्डातच ठरणार आहे.

जय जिनेंद्र.