बुद्धीचा सूर कोरडा असतो काय?

जाझ-पियानोवादक लेनी ट्रिस्टॅनो बुद्धिवादी, म्हणून त्याचें वादन भावशून्य, असा आक्षेप पुष्कळ टीकाकारांनीं घेतला आहे. आम्हांस तो मुळींच मान्य नाहीं. १९१९ सालीं शिकागोंत जन्मलेला हा अंध गुरु सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगचीं तत्क्षणीं स्फुरलेलीं वादनें तबकडीवरून ऐकवून शिष्यांस तीं आधीं गळ्यानें गावयास लावी. वाद्याला हात मागाहून. जें गळ्यांत उतरलें नाहीं, तें बोटांतून काय निघणार? अशा तालमीच्या बळावरच १९४९ सालीं त्याच्या मंडळींनीं चाल, स्वर, ताल कांहींही आधीं न ठरवितां 'इन्ट्यूइशन' वाजविलें. आणि १९५५ सालीं चार्ली पार्कर वारल्यावर त्याच्यासाठीं वाजविलेलें 'रेक्विएम' ज्यांस कोरडें वाटतें, त्यांनीं दोष आपल्या कानांस द्यावा.