‘नाही’ म्हणण्याचा शिष्टाचार

२२ मे २०१० रोजी सकाळी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १६६ जणांपैकी केवळ आठ वाचले. एअर मार्शल (निवृत्त) भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या चौकशीचा निष्कर्ष आजही अस्वस्थ करतो. विमान ठीक होते, हवामान स्वच्छ होते. विमान गरजेपेक्षा अधिक उंचीवरून उतरत आहे, हे सहवैमानिकाच्या ध्यानात आले होते. उतरणे रद्द करून पुन्हा वर चला, असे त्याने तीनदा सांगितले. यंत्रेही इशारे देत होती. परंतु प्रवासाचा बराच काळ झोपेत काढलेल्या त्या अनुभवी मुख्य वैमानिकाने ते मानले नाही. आणि सहवैमानिकानेही सूत्रे स्वतःच्या हाती घेतली नाहीत. तसे करण्याच्या त्याच्या अधिकाराविषयी नियमांतच संदिग्धता होती, हे त्यामागील संभाव्य कारण अहवालाने नोंदवले आहे.

विमान वाहतुकीशी आपला काय संबंध, असे म्हणून हा विषय बाजूला सारता येणार नाही. त्या सहवैमानिकाने निदान तीनदा सांगितले. आपल्या कचेऱ्यांतून, बँकांतून, पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांतून एकदा तरी सांगितले जाते काय? दोन महिन्यांचे काम दोन आठवड्यांत होणार नाही, हे खोलीतील प्रत्येकाला ठाऊक असते; तरी साहेबांनी विचारले की उत्तर येते, ‘होईल, सर.’ बैठकीत मौन आणि बैठकीनंतर चहाच्या टपरीवर सडेतोड भाषण, ही आपली जुनी खोड आहे. सामाजिक संस्थाही तिला अपवाद नाहीत. त्या दोन आठवड्यांनंतर जागरणे होतात, ग्राहक संतापतो आणि दोष मात्र सर्वांत धाकट्याच्या माथी येतो.

याला आपण नम्रता म्हणतो. वडीलधाऱ्यांचा मान राखण्याचा संस्कार मोलाचा आहे; तो सोडावा असे कोणीही म्हणणार नाही. पण मान राखणे आणि माहिती दडवणे या भिन्न गोष्टी आहेत. खड्ड्याकडे निघालेल्या वडिलांचा हात धरणारा मुलगा उद्धट ठरत नाही. दुसऱ्या टोकाला आवाज चढवण्यालाच बाणेदारपणा समजणारेही आहेत. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतून हल्ली जे शिकवले जाते त्यात याचाच भरणा अधिक, ही खेदाची गोष्ट आहे. ठाम बोलण्यात वस्तुस्थिती, धोका आणि पर्याय एवढेच असते. माणसाविषयी अवाक्षर नसते. ‘जरा बघता का?’ हे ठाम बोलणे नव्हे. १९७७ साली तेनेरीफच्या धावपट्टीवर दोन विमाने आदळून ५८३ माणसे गेली, तेव्हाही उड्डाण-अभियंत्याने शंका विचारली होती, पण प्रश्नाच्या रूपात. ज्येष्ठ वैमानिकाने ती एका शब्दात उडवून लावली. पुढे विमान कंपन्यांनी कनिष्ठांना ठामपणे बोलण्याचे आणि वरिष्ठांना ऐकण्याचे रीतसर प्रशिक्षण सुरू केले. यातील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा, असे आम्हांस वाटते.

कारण स्पष्ट बोलणारा मनुष्य टिकतो की जातो, हे ऐकणाऱ्यावर ठरते. रामशास्त्री प्रभुण्यांची निःस्पृहता आपण मुलांना सांगतो. पण त्या कथेतील माधवराव विसरतो. थोरले माधवराव राज्यकारभाराच्या वेळी जपतपात गुंतू लागले, तेव्हा शास्त्रीबुवांनी काशीस जाण्याची परवानगी मागितली आणि हेच करायचे असेल तर आपणही गादी सोडून चलावे असे सुनावले, अशी आठवण सांगितली जाते. तरुण पेशव्याने राग धरला नाही. आपला क्रम बदलला. शास्त्री पदावर राहिले. पुढे १७७३ साली नारायणरावांचा खून झाला. त्याच शास्त्र्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. मनुष्य तोच, स्पष्टपणाही तोच. बदलला होता तो धनी. आजही उत्तम अभियंता राजीनामा देतो तेव्हा पगाराचे कारण पुढे केले जाते; खरे कारण पुष्कळदा राघोबादादांचे असते.

‘कोणाला काही अडचण?’ असे बैठक संपताना, घड्याळाकडे पाहत विचारणारे अधिकारी आपल्या परिचयाचे आहेत. स्वतःचे मत आधीच सांगून झाल्यावर तो प्रश्न केवळ उपचार उरतो. भारतीय लष्कराच्या कोर्ट मार्शलमध्ये याहून शहाणी रीत आहे. तेथे सदस्यांची मते सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून घेतली जातात. वरिष्ठाचा कल कळल्यावर कनिष्ठाची जीभ जड होते, हे शिस्तीचा सर्वाधिक अभिमान बाळगणाऱ्या सैन्याने ओळखले आहे. ही रीत उचलायला खर्च नाही, सल्लागार नको. येत्या सोमवारच्या बैठकीत सर्वांत नव्या सहकाऱ्याला प्रथम बोलू द्यावे आणि प्रमुखाने तोवर आपले मत राखून ठेवावे.