समजून घ्या : हरभरा सुकल्यावर औषध ओतून उपयोग होतो का?

आयटी पार्कला जमिनी गेल्यानंतर माणमध्ये शेती उरली ती तुकड्यातुकड्यांत. मुळशीत भात निघाला की मागच्या ओलीवर हरभरा पेरतात. रोपे उभ्या उभ्या सुकू लागली की दुकानातून बुरशीनाशक आणून मुळाशी ओतले जाते. बहुतेक वेळा तोवर उशीर झालेला असतो.

मर रोगाची फ्युजारियम बुरशी मुळातून शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्याच बंद करते. खोड उभे चिरले तर आत तपकिरी रेघ दिसते. त्या झाडाला आळवणी वाचवत नाही. शिवाय पीक नसतानाही ही बुरशी जमिनीत सुमारे ६ वर्षे टिकते. एवढ्याशा तुकड्यात तितकी वर्षे फेरपालट कोण करणार?

म्हणून खर्च पेरणीआधी करा. किलोभर बियाण्याला २ ग्रॅम थायरम अधिक १ ग्रॅम कार्बेन्डाझिम, किंवा ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच. कार्बेन्डाझिम तिलाही मारते, त्यामुळे दोन्ही एकत्र कालवू नका. बियाणे राहुरी कृषी विद्यापीठाच्या ‘विजय’ किंवा ‘दिग्विजय’ या मर-प्रतिकारक वाणांचे घेतले, तर निम्मे काम तिथेच होते.

ही रसायने बंद झाली का? मे २०२० च्या केंद्राच्या मसुद्यात बंदीसाठी सुचवलेल्या २७ कीडनाशकांत दोन्ही होती. २०२३ च्या अंतिम आदेशात नाहीत.