चष्मेवाल्या मुलाचे मोल

विवाहयोग्य मुलामुलींच्या परिचय-पुस्तिका ज्या घरांत पंचवीस-तीस वर्षे जपून ठेवल्या असतील, त्यांनी त्या एकदा ओळीने मांडून पाहाव्यात. जुन्या पुस्तिकेत मुलाच्या नावापुढे ‘स्वतःचा व्यवसाय, मुख्य बाजारात दुकान, जिनिंगमध्ये भागीदारी’ असा मजकूर दिमाखाने छापलेला आढळतो, आणि नोकरी करणाऱ्या मुलाची माहिती काहीशा संकोचाने शेवटी आलेली असते. नव्या पुस्तिकेत हा क्रम उलटला आहे. ‘बी. ई. संगणक, पुणे, वार्षिक पॅकेज अमुक’ ही ओळ ठळक असते आणि मुलींच्या अपेक्षांच्या रकान्यात ‘नोकरदार, पुणे-मुंबई-बेंगळुरू’ हे शब्द पानोपानी भेटतात. शेगाव, खामगाव, अकोला या आपल्या पट्ट्यातील व्यापारी घरांत आज जी कुजबुज आहे, तिचे मूळ या उलटलेल्या क्रमात आहे.

हा नोकरदार मुलगा शाळेत असताना कोण होता, ते आठवून पाहावे. वर्गात त्याला ‘घासू’ म्हणत, ‘पुस्तकी किडा’ म्हणत, आणि जाड भिंगांमुळे ‘चष्मिस’ हे नाव तर त्याला चिकटलेलेच असे. लग्नाच्या वरातीत तो नाचत नसे. दुकानात बसवले तर गिऱ्हाइकाशी चार शब्द धड बोलत नसे. जुना रेडिओ उघडून पुन्हा जोडण्यात किंवा गणिताचे एखादे कोडे सोडवण्यात त्याची दुपार जाई, आणि ‘हा गादीवर बसायच्या कामाचा नाही’ असा निर्वाळा वडीलधारे देऊन टाकीत. त्याच मुलाच्या घरी आज स्थळांची रीघ लागते. पाश्चात्त्य देशांत अशा एकलकोंड्या, यंत्रवेड्या तरुणांना ‘गीक’ म्हणतात. तिथेही हा शब्द पूर्वी टिंगलीचा होता, आता तो कौतुकाने वापरला जातो. असा तरुण जोडीदार म्हणून खरोखरच अधिक हवाहवासा झाला आहे काय, आणि झाला असेल तर नेमका कशामुळे, याचा हिशेब आपल्यासारख्या हिशेबी समाजाने मांडायलाच हवा.

या बदलाचा आरंभ शोधताना १९८३ या वर्षापाशी थांबावे लागते. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना त्या वर्षी परवानगी मिळाली. आपल्या शेगावात श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले ते १९८३ सालीच, आणि अमरावती विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षीची. तोवर अभियंता होणे म्हणजे मोठ्या शहरातील मोजक्या जागांसाठी झगडणे होते. आता तालुक्याच्या गावातला मुलगा घरचा डबा खाऊन अभियंता होऊ शकला. दुसरीकडे १९८१ साली पुण्यात सात अभियंत्यांनी इन्फोसिस स्थापन केली होती. पुढच्या दोन दशकांत संगणकाचा व्यवसाय असा वाढला, की शेगावच्या मुलाला पुण्यात आणि पुण्याच्या मुलाला अमेरिकेत काम मिळू लागले.

बँकेत हा बदल आम्ही जवळून पाहिला. बँकांच्या यांत्रिकीकरणावर १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढे शाखाशाखांत संगणक पोहोचले. तोवर शाखेत वजन असे ते ठेवीदारांशी गप्पा मारून ठेवी आणणाऱ्या, बोलघेवड्या माणसाचे. संगणक आला आणि कोपऱ्यात मान खाली घालून खातेवह्या जुळवणाऱ्या अबोल कारकुनाची गरज व्यवस्थापकापासून शिपायापर्यंत साऱ्यांना भासू लागली. माणूस तोच होता, त्याचा स्वभावही तोच होता. त्याच्या गुणाला बाजारभाव तेवढा आला. लग्नाच्या बाजारात पुढे जे घडले, त्याची ही रंगीत तालीमच म्हणावी.

परंतु बाजारभाव केवळ मागणीने ठरत नाही, निवड कोणाच्या हाती आहे यावरही तो ठरतो. २००१ च्या जनगणनेत जैन समाजात शून्य ते सहा वयोगटातील दर १००० मुलांमागे अवघ्या ८७० मुली होत्या. हा आकडा तेव्हा वाचून आपण हळहळलो आणि विसरलो. तीच मुले आज पंचविशी-तिशीत आहेत, लग्नाच्या वयाची आहेत. जन्मालाच न आलेल्या त्या मुलींची उणीव आज परिचय संमेलनात रिकाम्या हाताने परतणाऱ्या वरपित्याच्या चेहऱ्यावर दिसते. ज्या मुली आहेत त्या शिकलेल्या आहेत. पदवीधरांचे प्रमाण देशातील सर्व धर्मसमूहांत आपल्याच समाजात सर्वांत अधिक आहे. संख्येने थोड्या आणि शिक्षणाने पुढे असलेल्या मुली आता निवड करतात. ‘डेटिंग’ हा शब्द आपल्या घरांत अजून मोठ्याने उच्चारला जात नाही. पण घरच्यांच्या संमतीने फोनवर बोलणे, दोन-चार वेळा बाहेर भेटणे आणि मग होकार किंवा नकार कळवणे हे सर्वत्र रुळले आहे. ही वडीलधाऱ्यांच्या देखरेखीतली डेटिंगच आहे.

या भेटींत मुलगी काय पाहते? वडील मंडळी म्हणतात, पॅकेज पाहते. हे अर्धेच खरे आहे. सुधा मूर्ती यांनी सांगितलेली त्यांच्या विवाहाची हकीकत या ठिकाणी आठवते. १९७० च्या दशकात त्या पुण्यात टेल्कोमध्ये अभियंता होत्या. प्रसन्न नावाच्या स्नेह्याकडून त्यांना वाचायला मिळणाऱ्या अनेक पुस्तकांवर नारायण मूर्ती हे नाव असे. इतकी पुस्तके बाळगणारा माणूस सिनेमातील नायकासारखा देखणा असावा, अशी त्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात समोर आला तो लाजाळू, किरकोळ अंगाचा, जाड चष्म्याचा तरुण. त्याची मिळकत त्यांच्याहून कमी होती. मुलीच्या वडिलांनी स्थिर नोकरीचा आग्रह धरला, आणि मुंबईत पटनी कंपनीत मूर्तींना चांगले पद मिळाल्यानंतर फेब्रुवारी १९७८ मध्ये बंगळूरला साधेपणाने विवाह झाला. पुढे इन्फोसिससाठी सुधाताईंनी आपल्या शिल्लकीतून १०,००० रुपये दिले, हे सर्वश्रुत आहे.

या कथेचा शेवट श्रीमंतीत झाला म्हणून ती सांगितली जाते. मला तिचा आरंभ महत्त्वाचा वाटतो. मुलीने आधी माणूस ओळखला: त्याचे वाचन, त्याची सचोटी, हाती घेतलेल्या गोष्टीत बुडून जाण्याची त्याची वृत्ती. वडिलांनी नंतर उत्पन्न विचारले, आणि तेही योग्यच होते. दोन्ही प्रश्न आवश्यक होते. त्यांचा क्रम मात्र आज आपण फिरवला आहे. बायोडाटावर आधी पॅकेजचा आकडा पाहिला जातो, आणि तो पसंत पडला तरच माणूस पाहिला जातो.

कर्जाचा अर्ज तपासताना आम्हाला तीन गोष्टी पाहायला शिकवले होते: चारित्र्य, क्षमता आणि भांडवल. मासिक पगार हा क्षमतेचा केवळ एक पुरावा असतो. तो मत्ता नव्हे, येणारी रोकड आहे, आणि रोकडीचा ओघ थांबू शकतो. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या भक्कम कंपनीने सुमारे १२,००० कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा किती घरांत त्या रात्री झोप लागली नसेल! ज्याचे मोल केवळ पॅकेजवर ठरले होते, त्या जावयाचे मोल अशा सकाळी काय उरते? उलट ज्याची शिकण्याची भूक खरी आहे, तो एक काम सुटले तर दुसरे शिकून घेतो. चष्मेवाल्या मुलाचे खरे तारण ही भूक आहे, आणि ती बायोडाटाच्या कोणत्याच रकान्यात छापलेली नसते.

ही वृत्ती केवळ संगणकासमोरच आढळते असेही नाही. आपल्या बाजारात असे तरुण आहेत, की रुईचा झुपका चिमटीत धरून ताणला, की तंतूची लांबी अचूक सांगतात, आणि सरकीच्या भावातील चढउतारांची टिपणे वर्षानुवर्षे ठेवतात. हीसुद्धा तीच एकाग्रता आहे. व्यापार आणि व्यासंग यांचे वैर आपल्या परंपरेत कधी नव्हते. इथून जवळच, अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांनी धवला टीकेसह षट्खंडागमाचे संपादन हाती घेतले. १९३९ साली पहिला खंड निघाला आणि सोळावा खंड निघेपर्यंत १९५८ साल उजाडले. त्या ग्रंथमालेला द्रव्य एका व्यापारी श्रेष्ठींनी दिले होते. पेढीने व्यासंगाला असा आधार दिला. आपल्या घरातल्या अशा मुलाला मात्र आपणच गादीवरून उठवून निकामी ठरवले, आणि आता दुसऱ्याच्या घरातला तसाच मुलगा आपल्याला जावई म्हणून हवा आहे.

दुकानदार मुलांच्या पालकांनी मुलींना दोष देऊन काही साधणार नाही. शिकलेली मुलगी दुकानाला नकार देते, तेव्हा तिचा नकार बहुधा दुकानाला नसतो. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत स्वयंपाकघरात जाणारा दिवस, नवऱ्याच्या हाती स्वतःचे असे उत्पन्न नसणे, आणि आपल्या पदवीला त्या घरात काही जागा नसणे, या तीन गोष्टींना तो नकार असतो. नोकरदार मुलाच्या पुण्यातील दोन खोल्यांत तिला स्वतःचा हिशेब स्वतः ठेवता येतो, हे त्याचे खरे आकर्षण आहे. जी पेढी सुनेला जीएसटीचे विवरण, मालाचा साठा, ऑनलाइन विक्री यांपैकी एखादे काम अधिकाराने सोपवील आणि मुलाला दरमहा ठरलेला मेहनताना देईल, त्या पेढीच्या मुलाचा बायोडाटा कोपऱ्यात पडून राहणार नाही.

मुलींच्या पालकांनीही थोडे थांबून पाहावे. कामात बुडून जाणारा मुलगा चांगला जोडीदार होतोच, असे नाही. रात्री बारापर्यंत परदेशातील कचेरीशी बोलणारा आणि मग अबोल होऊन झोपणारा नवरा, पाचव्या मजल्यावरची बंद दारे आणि ओळखीचे कोणी नसलेले शहर, याही तक्रारी घेऊन मुली माहेरी येतात. अबोलपणा हा स्वतःहून गुण नव्हे. जो थोडे बोलतो पण ऐकतो, तो वेगळा. आणि ज्याला समोरच्याचे अस्तित्वच जाणवत नाही, तो वेगळा. चार भेटींत हा फरक कळू शकतो. त्याने आपल्याला किती प्रश्न विचारले आणि आपली उत्तरे पुढच्या भेटीत त्याला आठवत होती काय, एवढे मुलीने मोजले तरी पुरे.

आणि एक गोष्ट सांगितल्यावाचून हा हिशेब पुरा होत नाही. मुलाचा चष्मा आता प्रतिष्ठेचा झाला; मुलीचा झाला काय? एम. टेक. झालेल्या, रात्र रात्र अभ्यासात घालवणाऱ्या मुलीला स्थळासाठी फोटो काढताना आजही आई सांगते, ‘बेटा, फोटोपुरता चष्मा काढ.’ तिची पदवी मुलाच्या पदवीहून मोठी असेल तर ती दबक्या आवाजात सांगितली जाते, आणि वरपक्ष ‘इतकी शिकलेली मुलगी घरात रमेल का’ असे विचारतो. जो गुण मुलात आपण आकड्याने मोजतो, तोच मुलीत आपण लपवतो. पुस्तकी मुलाला मान मिळाला हे चांगलेच झाले, परंतु पुस्तकी मुलीला तो मिळेपर्यंत आपण विद्येचा आदर करतो असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही; आपण फक्त पगाराचा आदर करतो.

येत्या हिवाळ्यात पुन्हा परिचय संमेलने भरतील आणि पुस्तिका छापल्या जातील. छापणाऱ्यांना एक सूचना करावीशी वाटते. उत्पन्नाचा रकाना असू द्यावा, तो नाकारण्यात शहाणपण नाही. त्याच्या वर मात्र एक नवा रकाना घालावा: ‘सध्या काय शिकत आहे?’ पुण्यातील संगणक अभियंता, शेगावातील दुकानदार आणि खामगावची एम. टेक. झालेली मुलगी या तिघांनाही तो सारखाच लागू पडेल. तो रकाना ज्याला रिकामा ठेवावा लागेल, त्याचे पॅकेज कितीही मोठे असले, तरी त्या स्थळाची चौकशी जरा अधिक बारकाईने करावी.