प्रधान रयतेचा, पण रयतेला मत नाहीं

राज्याच्या खुर्चीवर आपल्यांतला माणूस बसला म्हणजे आपलें काम झालें, अशी भोळी समजूत सर्व देशांतील रयतेंत आढळते. ती किती फसवी आहे हें पाहावयाचें असेल, तर जपानचे मुख्य प्रधान हारा ताकाशी यांची हकीकत आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंनीं अवश्य समजून घ्यावी.

हारा यांचा जन्म १८५६ सालीं उत्तर जपानांत मोरिओका येथें एका मानकरी घराण्यांत झाला. १८६८ च्या यादवींत मोरिओकाचा पक्ष हरला. जिंकणारे दक्षिणेकडील लोक उत्तरेकडील अख्ख्या डोंगराची किंमत शंभर दिडक्या करून हिणवूं लागले. हारा यांनीं कवितेसाठीं 'एक डोंगर' असेंच टोपणनांव घेतलें! १८७५ सालीं त्यांनीं वेगळें बिऱ्हाड करून आपलें नांव सामान्य रयतेच्या वर्गांत नोंदविलें. पुढें पत्रकार, परराष्ट्र खात्यांतील अधिकारी व सेइयुकाई पक्षाचे पुढारी असे ते चढत गेले. सरदारकीचा किताब मात्र त्यांनीं शेवटपर्यंत घेतला नाहीं.

१९१८ सालीं तांदूळ महागला. तोयामा प्रांतांतील कोळणींनीं सुरू केलेला दंगा देशभर पेटला, जुनें प्रधानमंडळ कोसळलें आणि हारा मुख्य प्रधान झाले. किताब नसलेला, लोकांनीं निवडून दिलेला हा पहिलाच मुख्य प्रधान! गोरगरिबांना केवढा आनंद झाला असेल!

पण त्यांनीं केलें काय? शाळा-विद्यालयें वाढविलीं, रेल्वे वाढविली. हें श्रेय त्यांचें त्यांना दिलेंच पाहिजे. मात्र रेल्वेही आपल्या पक्षाचें पारडें जड होईल अशा ठिकाणीं नेली. स्वार्थी माणसाला जपानांत 'आपल्याच शेतांत पाणी ओढणारा' म्हणतात; लोक या कारभाराला 'आपल्याच शेतांत रेल्वे ओढणें' म्हणूं लागले.

मताचा प्रश्न आला तेव्हां खरी परीक्षा झाली. दहा येन कर भरणारालाच मत होतें. १९१९ सालीं हारा यांनीं ती अट तीन येनांवर आणली. मतदार सुमारे तीस लाख झाले. पण नवे मतदार कोण? बहुतेक जमिनीचा सारा भरणारे मालक! कूळ बाहेर, गिरणीचा मजूर बाहेर, बाया तर सगळ्याच बाहेर. १९२० सालीं सर्व पुरुषांना मत देण्याचें बिल आलें, तेव्हां त्यानें समाजाची घडी मोडेल म्हणून हारा यांनीं सभागृहच बरखास्त केलें, आणि त्याच आखूड मतदारयादीवर ४६४ पैकीं २७८ जागा जिंकल्या.

४ नोव्हेंबर १९२१ रोजीं तोकियो स्टेशनावर एका तरुण रेल्वे कामगारानें त्यांचा खून केला. हें कृत्य निंद्यच. खुनानें कुणालाही मत मिळत नाहीं. पुरुषांना तें १९२५ च्या कायद्यानें मिळालें, आणि स्त्रियांनीं १९४६ सालीं पहिल्यांदा मत दिलें.

हारा यांच्या इच्छेप्रमाणें त्यांच्या थडग्यावर पदवी कोरलेली नाहीं, नुसतें नांव आहे. हा साधेपणा आम्हांस मान्य आहे. पण साधेपणा ही घरची गोष्ट, आणि हक्क ही चावडीवरची गोष्ट. पुढारी कुणाच्या पोटीं जन्मला, अंगांत काय घालतो, हें विचारूं नका. चावडीचें दार त्यानें किती उघडलें, आणि आपण आंत गेल्यावर कुणाच्या तोंडावर लावलें, हें विचारा.