धुरातला मुळा

तोक्योत कांदा नावाचं स्टेशन आहे. (हो, खरंच. नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला हे सांगून मी एकदा तरी हसवून घेतो.) त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत इझाकाया नुसत्या खच्चून भरल्यात. इझाकाया म्हणजे बार म्हणावं तर खाणं जास्त, खानावळ म्हणावी तर पिणं जास्त. परवा शुक्रवारी त्यातल्याच एकीत संध्याकाळी पाचला जाऊन बसलो. पाच ही बरोबर वेळ. सातनंतर टाय सैल केलेल्या मंडळींचा कलकलाट सुरू होतो. त्याआधी काउंटरवर बसलात तर मालक तुमच्याशी बोलतो.

ही इझाकाया फक्त अकिता प्रांताच्या पदार्थांची. सोबत आमच्या टीममधला सेनपाई होता, म्हणजे माझा सिनियर, मूळचा अकिताचाच. अकिता म्हणजे होन्शू बेटाचा उत्तरेकडचा, जपानच्या समुद्राकाठचा, भरपूर बर्फाचा भाग. १९५६ च्या सुमारास तिथली लोकसंख्या साडेतेरा लाखांच्या घरात होती, आज नऊ लाखांच्याही खाली आहे. उरलेली माणसं कुठे गेली ते कांदाच्या गल्लीत कळतं.

खाण्याबद्दल लिहायचं तर किरितान्पो आधी. अर्धवट कुटलेला भात काडीवर थापून भाजायचा आणि कोंबडीच्या रश्शात मुळांसकट सेरीची पालेभाजी घालून शिजवायचा. झकास प्रकार. पण आजचा विषय तो नाही, इबुरीगाक्को आहे.

'गाक्को' म्हणजे अकिताच्या बोलीत लोणचं. जपानीत शाळेलाही जवळजवळ हाच शब्द, त्यामुळे पहिल्यांदा मेनू वाचला तेव्हा मला 'धुरकट शाळा' असं काहीतरी वाटलं होतं! असतो तो मुळा. बाकी जपानात मुळे उन्हात वाळवून लोणचं घालतात. अकितात हिवाळ्यात ऊन कुठलं? तिथे बर्फच आधी येतो. म्हणून लोकांनी मुळे घरातल्या चुलीवर, छताला टांगले. लाकडाच्या धुरात काही दिवस धरायचे, मग तांदळाचा कोंडा, मीठ, साखर घालून निदान चाळीस दिवस मुरवायचे. बाहेरून तपकिरी, सुरकुतलेला. आत कर्रकन वाजणारा. हल्ली क्रीम चीजबरोबर देतात. मला आधी हा शहरी चावटपणा वाटला होता, पण साकेबरोबर लागतं मस्त.

तर परवा बशी आली. सेनपाईने एक चकती खाल्ली आणि म्हणाला, "कारखान्याचा आहे. चांगला आहे." दोन्ही वाक्यं एकाच सुरात. दरवर्षी त्याच्या मावशीचा मुळा ऑफिसात यायचा, आम्ही सगळे त्यावर तुटून पडायचो. ऐंशीच्या पुढची ही बाई गावच्या बाजारात विकायलाही ठेवायची. २०२४ च्या वसंतात तिने विकणं बंद केलं.

कारण कायदा. जपानचा अन्नस्वच्छता कायदा २०१८ मध्ये बदलला, जून २०२१ पासून लोणचं विकायला परवाना लागू झाला, आणि जुन्या लोकांना दिलेली तीन वर्षांची मुदत मे २०२४ अखेर संपली. आता विक्रीचं लोणचं घरच्या स्वयंपाकघरात करता येत नाही. वेगळी जागा हवी, धुतलेला हात पुन्हा लावावा लागणार नाही असा नळ हवा, बरंच काही हवं. गावागावांत म्हाताऱ्यांनी हिशोब केला: आपण अजून किती वर्षं करणार? आणि पिंप उपडं घातलं.

इथे 'सरकारला काय कळतंय' म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. २०१२ मध्ये होक्काइदोत चायनीज कोबीच्या लोणच्यातून ओ-१५७ जिवाणूची बाधा झाली, ८ जण गेले, त्यात बहुतेक म्हातारी माणसं. नियम त्यातून आला. पण ते 'आसाझुके' होतं, कमी मिठाचं, झटपट. आणि मावशीच्या चुलीवरचं नाही, एका कंपनीचं. झटपट कोबी आणि धुरावर वाळवून दीड महिना मुरवलेला मुळा एकाच खिडकीत उभे करायचे, याला आमच्या धंद्यात आळशी डिझाइन म्हणतात. जुनी सिस्टम बंद करताना आम्ही तारीख जाहीर करतो, मुदत देतो आणि वर म्हणतो, आता युजरने बघावं. योकोते शहराने सोयी उभारायला अनुदान दिलं, हे खरं. पण ऐंशीच्या बाईला निम्म्या पैशांत नवी शेड म्हणजे तरीही नवी शेडच.

मालक ऐकत होता. त्याने न मागता हाताहाता नावाचा मासा भाजून समोर ठेवला, हाही अकिताचा. एकेकाळी वर्षाला वीस हजार टन मिळणारा हा मासा १९९१ मध्ये सत्तर टनांवर आला. तेव्हा कोळ्यांनी स्वतःहून १९९२ पासून तीन वर्षं पूर्ण मासेमारी बंद ठेवली, आणि मासा परतला. (अलीकडे पुन्हा घटलाय, ती वेगळी कथा.) सेनपाई काटा बाजूला काढत म्हणाला, "मावशीने तीन वर्षं थांबून चालणार नाही."

मला वाटतं, नियम करणाऱ्यांनी लोणच्याचा धोका बघून पायऱ्या करायला हव्या होत्या. आणि 'अस्सल, घरचं' म्हणून बशीमागे पाचशे येन मोजणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्या शेडचे थोडे पैसे आधीच द्यायला हवे होते. आम्ही फोटो काढले. मुळा पुढच्या वर्षी येईलच असं धरून चाललो.

साडेसहाला गर्दी झाली, उठलो. स्टेशनकडे चालताना त्याने सांगितलं, घरी खाण्यापुरतं करायला परवाना लागत नाही, म्हणून येत्या नोव्हेंबरात मावशी बारा मुळे टांगणार आहे. मी येऊ का विचारलं. तो थांबला, माझ्या लॅपटॉपच्या बॅगेकडे बघितलं आणि म्हणाला, "लाकडं वाहता येतात का तुला?"